आधी मोठ्याची चूक

दर गुरुवारी सकाळी सोनकांबळे बाई खलीलभाईच्या मटणाच्या दुकानात जायच्या आणि बोकडाचे चार दिल मागायच्या.

खलीलभाई सुरी पुसत दर वेळी तेच म्हणायचा, "बाई, लोकाला जन्मभर एक मिळंना, तुम्ही हर जुम्मेरातला चार चार नेऊन राहिलात."

बाई हसायच्या नाहीत. "वरच्या नळ्या चार बोटं ठेव. मागच्या खेपेला बुडापासून उडवल्यास. डॉक्टरला काय शिकवू, रिकामा खिसा?"

त्या नळ्यांची नावं खलीलभाईला शेवटपर्यंत कळली नाहीत. पण दोन वर्षांत नळ्यांपाशी आल्यावर त्याची सुरी थांबायला शिकली. बाईंच्या हाताखाली तयार झालेला पहिला माणूस मी त्यालाच धरते.

मग ते दिल स्टीलच्या डब्यातून दवाखान्यात यायचे. दुपारी तीनला भिंतीवर व्हिडिओ कॉलचा पडदा लागायचा आणि त्यात उत्तरेकडच्या एका थंड देशातलं बंदराचं शहर, तिथल्या इस्पितळातली एक खोली, आणि खोलीत हेन्रिक साहेब दिसायचे. उंच, पांढऱ्या भुवयांचे, तिथले लेकरांच्या हृदयाचे मोठे डॉक्टर. त्यांच्यासमोरच्या ट्रेमध्ये मेंढीची हृदयं, आमच्यासमोर बोकडाची. तिकडे त्यांचे चार शिकाऊ डॉक्टर, इकडे आमची एकटी फरहीन. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी कात्री चालायची. हेन्रिक साहेब सांगायचे, उजव्या बाजूनं बोट घाला, दोन कप्प्यांमधला पडदा चाचपा, आता तो पडदा फाटका आहे असं समजा, रक्त कुठे जाईल? उत्तर आधी कुठून येतं याची दोन्ही खोल्यांत चढाओढ असायची.

डॉ. कौसल्या सोनकांबळे लेकरांच्या हृदयाच्या डॉक्टर होत्या. मुखेड तालुक्यातल्या एका गावच्या. आईवडिलांनी दीक्षा घेतल्यानंतर त्या घरात जन्मलेलं पहिलं लेकरू. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. त्या लातूरच्या एका संस्थेच्या दवाखान्यात काम करायच्या आणि शनिवारी एसटीनं नांदेडला येऊन तिथं लेकरं तपासायच्या. लेकरू समोर आलं की आधी त्याचा पाय हातात घ्यायच्या. छातीला तपासायची नळी नंतर. आया गोंधळायच्या, "बाई, दुखणं छातीत हाय." बाई म्हणायच्या, "हाव. पण छाती खोटं बोलती. पाय न्हाई बोलत." पायातली नाडी छातीतल्या रक्ताच्या मोठ्या नळीची खबर देते, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की अनोळखी हात आधी पायाला लागल्यामुळं लेकरं रडत नाहीत.

मी नांदेडची. माझे बाबा पत्रकं छापायचे, मोर्चाची, सभेची, गायरानाच्या हक्काची. मला बाराखडी त्यांनी पत्रकांवरूनच शिकवली. मी वाचलेला पहिला शब्द 'चलो' होता. त्यामुळं जगात काही वाईट दिसलं की त्याच्याविरुद्ध चार परिच्छेद आणि एक मथळा लिहायचा, ही मला लागलेली सवय. परदेशी डॉक्टरांचं पथक हिवाळ्यात लातूरला येतं आणि लेकरांच्या हृदयावर काम करतं असं ऐकलं, तेव्हा मी तेच केलं. मथळा होता: 'आमची लेकरं ही तुमची सरावाची पाटी नव्हे!' लातूरला जाऊन ते पत्रक दवाखान्याच्या फाटकावर स्वतः चिकटवलं.

दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला. मी भांडायच्या तयारीनं गेले. बाईंच्या टेबलावर माझं पत्रक होतं आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा.

"'शोषण' चार वेळा आलंय," त्या म्हणाल्या. "एकदा पुरे. मधला परिच्छेद खरा हाय, तो वर घे. बाकीचं तू न बघता लिहिलंस."

"बघायला आत कोण घेतंय?" मी म्हणाले.

"तू मागितलंस का?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. फोटोत हेन्रिक साहेब एका लेकराच्या पलंगाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे. पलंगाशी बसून लेकराच्या छातीवर सोनोग्राफीचा दांडा फिरवत होत्या बाई.

त्या फोटोची गोष्ट त्यांनी शेंगा सोलत सांगितली. चाळिशी उलटल्यावर त्या हेन्रिक साहेबांच्या इस्पितळात वर्षभर शिकायला गेल्या होत्या. तिथल्या कायद्यानं बाहेरच्या डॉक्टरला लेकराला हात लावता येत नव्हता. नुसतं बघायचं. वर्षभर त्या हात मागं बांधून उभ्या राहिल्या. लातूरला रोज चाळीस लेकरं तपासणारी बाई तिथं पलंगापासून दोन पावलं लांब. "डोळ्यांनी पोट भरून आणलं," त्या म्हणाल्या, "पण हात उपाशी राहिले." पुढं हेन्रिक साहेब पहिल्यांदा लातूरला आले, पलंगाशी गेले आणि सवयीनं त्यांनी दांड्याकडं हात केला. बाई म्हणाल्या, "सर, इथं तुमचे हात मागं." साहेबांनी बाईंकडं पाहिलं, त्यांना बाईंचं ते वर्ष आठवलं असावं, आणि त्यांनी हात मागं बांधले. तेव्हापासून तोच नियम. पाहुणे बघतील, विचारतील, चूक दाखवतील. लेकराला हात इथला लागेल.

"म्हणून तुझं पत्रक अर्धं खरं हाय," बाई म्हणाल्या. "ते लोक सराव करत न्हाईत. सराव आम्हाला पाहिजे, आणि तो मिळावा म्हणून मी भांडून राहिले. ते लिही." आणि मग, मी उठायच्या आत: "गुरुवारी येत जा. जे बोलणं होतं ते आईबापाला कळंल असं मराठीत उतरवून देणारं कुणी न्हाई माझ्याकडं. तुला लिहायची खाज हाय."

अशी मी नांदेड-लातूर करू लागले, आधी गुरुवारी, मग आठवड्यातून चार दिवस. दवाखान्यात माझं नाव 'पत्रकवाली' पडलं.

गुरुवारच्या बैठकीचा एक रिवाज होता. हृदयं कापायच्या आधी, केस मांडायच्या आधी, खोलीतल्या सर्वांत मोठ्या माणसानं त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. एका गुरुवारी लातूरचा मोठा माणूस, दुसऱ्या गुरुवारी तिकडचा. मग पुढचं बोलणं. बाईंनी तो परदेशातून आणलेला नव्हता. त्यांच्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते, ते फळ्यावर गणित चुकले की छडी स्वतःच्या हातावर मारून घ्यायचे आणि मग वर्गाला गणित घालायचे. बाईंनी छडी सोडली आणि बाकीचं ठेवलं. त्या म्हणायच्या, "लहानाची चूक सगळ्यांना दिसती. मोठ्याची झाकली जाती, आणि झाकलेलीनं लेकरू मरतं."

हेन्रिक साहेबांना हे जड गेलं. पहिल्या तीन पाळ्यांना त्यांनी तरुणपणाच्या चुका सांगितल्या, तीस वर्षांपूर्वीच्या, ऐकायला गोड झालेल्या. तिसऱ्या वेळी बाई फरहीनला म्हणाल्या, "त्यांना सांग, शिळं नको. ह्या आठवड्यातलं."

फरहीन धर्माबादच्या मिरचीच्या अडत्याची मुलगी. वजनकाट्याशी लहानाची मोठी झालेली, नजर पक्की, जीभही. पण हे इंग्रजीत सांगताना तिची कानशिलं तापली. हेन्रिक साहेब लाल झाले. त्यांचे शिकाऊ डॉक्टर टेबलाकडं बघू लागले. पंधरा दिवसांनी त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, मंगळवारी मी एका बाळाचा रिपोर्ट दमलेल्या डोळ्यांनी वाचला आणि एक छिद्र माझ्या नजरेतून सुटलं. ते सापडलं माझ्या विद्यार्थिनीला, आणि तिला ते मला सांगायला दोन दिवस लागले, कारण ती मला घाबरत होती. ती विद्यार्थिनी त्यांच्या शेजारीच बसली होती. त्या दिवसानंतर दोन्ही खोल्यांतलं बोलणं बदललं. मी तोवर समजत होते की देणारा आणि घेणारा यांच्यात बरोबरी करायला मोठं तत्त्वज्ञान लागतं.

या सगळ्यामागं बाईंची एकच मागणी होती. जागा. लातूरमध्येच लेकरांच्या हृदयाचा डॉक्टर तयार करणारी, दोन वर्षांच्या शिक्षणाची एक मान्यताप्राप्त जागा. त्यातले सहा महिने हेन्रिक साहेबांकडं, बाकी सगळं इथं. शिकायला मोठ्या शहरात गेलेलं माणूस परत येत नाही, हे बाईंनी सहा वेळा पाहिलं होतं. सहा जणांची नावं त्यांना पाठ होती. सातवी फरहीन. ती थांबली होती जागेच्या भरवशावर, हैदराबादचं बोलावणं बाजूला ठेवून. या शिक्षणाला मान्यता हेन्रिक साहेबांच्या इस्पितळाची, म्हणून तिकडच्या तिघांची समिती एप्रिलमध्ये येऊन दवाखाना बघणार आणि जागेचं ठरवणार होती.

आणि तेच ते पाण्याचं वर्ष. नळाला महिन्यातून एखादा दिवस पाणी. टाक्यांजवळ पोलीस. रेल्वेनं पाणी येतंय हे बघायला लोक स्टेशनवर गेले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात रांगेत बसलेले बाप एकमेकांना टँकरचे वार सांगायचे. त्यातच उदगीर जिल्ह्याच्या मागणीचे सह्यांचे कागद फिरत होते, आणि ते पत्रक अर्थातच मी लिहिलेलं. बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "लातूर जिल्हा झाला तवा मी शिकत होते. लाडू खाल्ले आम्ही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर पाटी नवी आन् पलंग तेच. जिल्हा माग, पण त्यात बसणारी माणसं पण नावानिशी माग."

पाणी कमी म्हणून आजारही वाढले होते. बाईंनी मला सांगितलं, आयांसाठी एक पत्रक कर. हृदयात मोठं छिद्र असलेल्या, धाप लागणाऱ्या लेकरांना पाणी मोजून द्यायचं असतं, जास्तीचं पाणी फुप्फुसात साठतं. पण ओठ जांभळे पडणाऱ्या लेकरांचं उलटं. त्यांचं रक्त घट्ट असतं, त्यांना पाणी कमी पडलं तर रक्ताची गाठ होते. हेन्रिक साहेबांच्या इस्पितळातून आलेल्या सूचनांच्या कागदात पहिला भाग होता. दुसरा भाग बाईंनी स्वतः हातानं लिहून दिला.

मी पत्रकांवर वाढलेली. पत्रकाला एकच मथळा असतो, एकच मागणी असते, हे मला श्वासासारखं ठाऊक. गुलाबी कागदावर मी मोठ्या अक्षरात छापलं: 'हृदयरोगी लेकराला पाणी मोजूनच द्या.' दुसरा भाग मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. बाई नांदेडच्या एसटीत चढत होत्या तेव्हा मी कच्ची प्रत पुढं केली. त्यांनी पायरीवर उभं राहून पुढची बाजू वाचली आणि सही केली.

ते पत्रक लोकांनी फार मनापासून पाळलं. मी लिहिलेलं दुसरं कुठलंच पत्रक कुणी इतकं पाळलं नसेल. कारण ते दुष्काळाला सोयीचं होतं. घरात दोन घागरी पाणी आणि डॉक्टर म्हणतायत कमी पाजा, कुणाला नको होतं?

लोहा तालुक्यातली सविता नावाची बाई आपल्या चार वर्षांच्या पूजाला घेऊन जीपमधून आली तेव्हा मी व्हरांड्यात होते. पूजाचे ओठ जन्मापासून जांभळे. चार पावलं चालली की ती उकिडवी बसायची, त्यानं तिला बरं वाटायचं. हैदराबादला तिच्या ऑपरेशनची तारीख लागायची होती. त्या सकाळी तिच्या उजव्या हातातून भाकरीचा तुकडा पडला, तो तिला उचलता येईना. तोंड एका बाजूला ओढलेलं.

बाईंनी पाय हातात घेतला. मग छाती. मग जीभ बघितली, कोरडी, चामड्यासारखी. सलाईन लावायला सांगून त्या सविताकडं वळल्या. "पाणी किती पाजत होतीस?"

सवितानं कमरेच्या पिशवीतून गुलाबी कागद काढला. घड्या नीट घातलेल्या, कोपऱ्याला हळद लागलेली. "तुमीच सांगितलं की बाई, मोजून. औषधाच्या टोपणानं द्यायचे. लई रडायची, माय पाणी दे म्हणून. पण मी एक घोट जास्तीचा दिला न्हाई."

ती हे अभिमानानं सांगत होती.

बाईंनी कागद घेतला, उलटवला, मागचं बारीक अक्षर वाचलं. मग सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, "सविता, चूक आमची हाय. तुझी न्हाई. आम्ही जे सांगितलं ते तू केलंस. पूजाचा हात आमच्या कागदानं गेलाय." सविताला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं बाईंच्या कोटाची बाही धरली आणि धरूनच बसली. बाईंनी ती सोडवून घेतली नाही. एका हातानं तशाच पूजाचं सलाईन मोजत राहिल्या.

पुढचे तीन दिवस फरहीन, मी आणि दोन सिस्टर फोनवर होतो. रजिस्टरमधलं प्रत्येक जांभळ्या ओठाचं लेकरू. फोन नसेल तिथं सरपंच, किराणा दुकान, शाळेचे गुरुजी. "कागद फाडून टाका. लेकराला पोटभर पाणी पाजा." आणखी दोन लेकरं टोपणानं पाणी पीत होती. ती वाचली. बाईंनी स्वतःच्या घरून एक माठ आणून व्हरांड्यात ठेवला, आपल्या वाटणीच्या टँकरच्या पाण्याचा. जांभळ्या ओठांचं लेकरू आलं की आधी त्यांच्यासमोर पेलाभर पाणी, मग तपासणी. कागद बंद.

चौथ्या दिवशी गुरुवार होता, आणि समिती आली. हेन्रिक साहेब आणि दोघं जण, जे आम्हाला पडद्यावरूनही माहीत नव्हते. पाळी लातूरची होती.

संस्थेचे सचिव बैठकीआधी बाईंच्या खोलीत आले. "बाई, ते चुकीचं आज राहू द्या. पाहुणे हायत. फरहीनचं आयुष्य हाय. पुढच्या गुरुवारी दोन सांगा."

"पुढच्या गुरुवारी ती शिळी होईल, साहेब," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं न्हाई तर कुणाला कळणार हाय?"

"सविताला कळलंय की."

बैठकीत बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. पूजाचं नाव, गाव, पाण्याचं टोपण, गुलाबी कागद, मागची बाजू न वाचता केलेली सही. तीन मिनिटं लागली. मी कोपऱ्यात लिहीत होते, आणि मला राहवेना. मी उठून म्हणाले, "कागद मी लिहिला होता. बारीक अक्षर माझं होतं."

"खाली बस," बाई मराठीत म्हणाल्या. "तुझी पाळी आल्यावर सांगशील. सही माझी हाय."

समितीतल्या एक बाई वहीत लिहीत होत्या. मग हेन्रिक साहेब उठले. पाळी त्यांची नव्हती. ते म्हणाले, "मूळ कागद माझ्या इस्पितळातून आला. त्यात जांभळ्या मुलांच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. आम्हाला ती लिहायची कधी गरजच पडली नाही. आमच्याकडे तहान लागलेलं मूल नळाशी जातं. तुमच्याकडे नळ कोरडा आहे हे मला ठाऊक होतं, काल मी बादलीनं अंघोळ केली. तरी मी माझा कागद पुन्हा वाचला नाही. हीच माझी या आठवड्यातली चूक." आणि ते खाली बसले.

सिनेमा असता तर समितीनं उठून टाळ्या वाजवल्या असत्या. समितीनं संध्याकाळी सांगितलं की दवाखान्याचं काम चांगलं आहे, पण झालेल्या प्रकारानंतर आयांना सूचना देण्याची पद्धत आधी दुरुस्त झालेली बघावी लागेल. जागा एक वर्ष पुढं ढकलली.

फरहीन बाईंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. "मॅडम, तुमच्या खरेपणानं माझं एक साल गेलं."

मला वाटलं बाई समजावतील, काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "हाव. गेलं. त्याला मी न्हाई म्हणत न्हाई. हैदराबादला जा. अडवत न्हाई मी."

फरहीन रडत बाहेर आली. महिन्याभरात ती हैदराबादला गेली. बाईंच्या पाठ असलेल्या यादीत सातवं नाव पडलं. मला बाईंचा राग आला होता, हे इथं लिहिलं पाहिजे. तत्त्वासाठी झळ सोसावी हे मी आयुष्यभर पत्रकांत लिहीत आले, पण त्यातली झळ नेहमी माझी स्वतःची असायची. दुसऱ्याचं वर्ष देऊन टाकायचा हक्क बाईंना कुणी दिला, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी एक शेंग सोलली. "कुणीच न्हाई दिला," त्या म्हणाल्या. "पण गप्प बसून घेतलेल्या जागेवर तिला मी काय शिकवलं असतं, सांग बरं." त्या दिवशी त्या शेंगा सोलत राहिल्या आणि एकही खाल्ली नाही.

समितीनंतरच्या गुरुवारची तिकडची पाळी हेन्रिक साहेबांनी आधीच वापरली होती, म्हणून बाईंनी मला उठवलं. "आता तुझी पाळी." मी पडद्यासमोर उभं राहून, मोडक्या इंग्रजीत, बारीक अक्षराबद्दल बोलले. एका पत्रकात एकच गोष्ट मावते असं मी मानत होते, म्हणून मी अर्धी लेकरं मागच्या बाजूला टाकली. तिकडून कुणी सहानुभूतीचं बोललं नाही. फक्त त्या घाबरणाऱ्या विद्यार्थिनीनं विचारलं, आता कसं करता? मी म्हणाले, आता तोंडानं सांगतो, आणि आईकडून परत वदवून घेतो. तिनं ते लिहून घेतलं.

फरहीन गेल्यावर खलीलभाईनं विचारलं, "पोरगी गेली ना बाई? आता चार कशाला?"

"सिस्टर शिकून राहिल्यात. नळ्या चार बोटं ठेव."

वर्षानं समिती पुन्हा आली आणि जागा मिळाली. जागा होती, माणूस नव्हतं. मग एक दिवस फरहीनचा फोन आला, मी समोरच होते. बाईंनी फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळं ऐकू येत होतं. "मॅडम, इथं सगळं आहे. मशीन आहेत, पाणी आहे. माझी चूक झाली परवा, तर सगळे म्हणाले, होतं असं, सोड. कुणी विचारलंच नाही. मला ती कुठं सांगू?"

"सांग की. ऐकून राहिले मी," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढं ओढली.

पावसाळ्याआधी फरहीन परत आली. सहा महिने परदेशात जाऊन पुन्हा आली. तिथं तिलाही हात मागं बांधूनच उभं राहावं लागलं, आणि तिनं आल्या आल्या बाईंना तसंच उभं राहून दाखवलं. त्या दोघींना एकत्र हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पूजाचं ऑपरेशन झालं. ओठ गुलाबी झाले. उजवा हात चालतो, पण मागून येतो. ती लिहिते डाव्या हातानं. बाईंनी शेवटपर्यंत तिला 'बरी झालेली' म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं त्यांनी स्वतः लिहिलं होतं: हृदय ठीक, हात आमच्यामुळं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, एका गुरुवारी. तोवर पाऊस बरे झाले होते, दवाखान्यात नळाला रोज पाणी होतं. तरी व्हरांड्यात माठ तिथंच होता, आणि माठाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई. कोट नव्हता. समोर एक जांभळ्या ओठांचं पोरगं आईच्या मांडीवर, त्याचा पाय बाईंच्या हातात, आणि बाई त्याला पेल्यानं पाणी पाजत होत्या.

आत तीन वाजले होते. पडदा लागल्याचा आवाज आला. आता खोलीत सर्वांत मोठी फरहीन होती.

मी बाईंना हाक मारणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दार अर्धं उघडं होतं. मान तिरकी करून, नळी कानात असताना करायच्या तशी, त्या ऐकू लागल्या. आत खुर्ची सरकली. बाईंचा हात पेल्यासकट हवेत थांबला.

"सोमवारी," फरहीनचा आवाज आला, "माझ्याकडून एक चूक झाली."

बाईंनी पेला पुन्हा पोराच्या ओठाला लावला.

"पी," त्या म्हणाल्या. "सगळं पी. मी हितंच हाय."